स्क्रीनवर दिसणारा ठसा कापडावर जातो कुठे?

विचारलेलं थोडक्यात असं आहे. घरी ब्रदरची एम्ब्रॉयडरी मशीन, सोबत डिझाइन बनवायचं ब्रदरचंच सॉफ्टवेअर, पीई-डिझाइन. कॉटनच्या कुर्त्यासाठी चार इंचांचं एक उभं पान काढलं, फिल टाक्याने, म्हणजे ओळीमागून ओळ जागा भरणाऱ्या टाक्याने, भरलं आणि त्यावर सॉफ्टवेअरमधला शिरांचा ठसा मारला. स्क्रीनवर शिरा अगदी कोरल्यासारख्या. कापडावर मात्र मधली शीर बरी आली, डावीकडच्या शिरा छान आल्या आणि उजवीकडच्या जवळजवळ नाहीतच. मशीन बिघडली का, दोरा बदलू का, टाक्यांची घनता वाढवू का? आणि स्वतःचे ठसे बनवायचे तर कसे?

ताई, मशीन ठीक आहे. दोराही ठीक आहे. घनता तर अजिबात वाढवू नका, आलंय तेवढंही बुजून जाईल. एकच बाजू गेली हे तुम्ही नेमकं सांगितलंत म्हणून काम सोपं झालं. तुमच्या पानाचा टाका ४५ अंशांवर आहे, खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारा. उजवीकडच्या शिराही तशाच तिरक्या. टाका आणि रेघ एकाच दिशेने धावली की रेघ मरते. डावीकडच्या शिरा टाक्याला बरोबर आडव्या आल्या, म्हणून त्या जगल्या.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण एकदा समजलं की पुढचे पन्नास ठसे न चुकता बसतील. ठसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाकडी ठोकळा, रंग आणि कापडावरची छाप येते. वरून काहीतरी पडलं असं वाटतं. इथे वरून काहीच पडत नाही. त्याच रंगाचा तोच दोरा चालू असतो, बदलते ती फक्त सुई खाली उतरण्याची जागा. आजीची गोधडी आठवा. तिच्यावरच्या धावदोऱ्याच्या ओळी लांबूनही दिसतात, पण लांबून दोरा कुठे दिसतो? दिसतं ते दबलेलं कापड आणि त्याच्या दोन्ही अंगांना फुगलेले उंचवटे. आपल्या ठशाचंही तेच आहे. सुई उतरते तिथे दोरा खाली ओढला जातो, दोन टोच्यांच्या मध्ये तो वर उठून चमकतो. ओळीमागून ओळ टोचे एका रेषेत आले की खाच दिसते. ठसा म्हणजे त्या खाचेतली सावली.

फिल टाका एरवी याच्या बरोबर उलट वागतो. गवंडी भिंत बांधताना विटांचे सांधे चुकवतो ना, तसं सॉफ्टवेअर दर ओळीत टोचे थोडे सरकवतं, म्हणजे कुठेही रेष दिसू नये आणि पृष्ठभाग एकसारखा वाटावा. ठसा त्याला सांगतो, इथे मुद्दाम सांधे एकाखाली एक येऊ देत.

आता हिशेब. फिलच्या दोन ओळींमध्ये ०.४ मिमी अंतर धरा. रेघ टाक्याला काटकोनात असेल तर प्रत्येक ओळीतला टोचा आधीच्या टोच्याच्या बरोबर खाली पडतो. ०.४ मिमीवर एकेक भोक, डोळ्याला सलग खाच. रेघ आणि टाका यांच्यात ४५ अंश असतील तर टोचा दर ओळीला ०.४ मिमी बाजूला सरकतो आणि दोन टोच्यांमधलं अंतर ०.५७ मिमी होतं. अजूनही खाच दिसते. ३० अंशांवर तो दर ओळीला ०.७ मिमी सरकतो, खाच विरायला लागते. १५ अंशांवर दीड मिमी. तिथे रेघ संपली, उरले फिलच्या स्वतःच्या भोकांत मिसळून गेलेले सुटे टोचे. आणि शून्य अंशावर ती रेघ दोन ओळींच्या मधून निघूनच जाते, तिला टोचायला टाकाच आडवा येत नाही.

मी मनाशी साधा नियम ठेवलाय: काटकोन उत्तम, ४५ चालेल, ३० च्या खाली काढूच नये.

तुमच्या पानाचा टाका शून्य अंशावर, म्हणजे सरळ आडवा करा. मधली उभी शीर टाक्याला काटकोनात येईल आणि सर्वांत ठळक उमटेल, जी पानात तशी हवीच असते. दोन्ही बाजूंच्या शिरा टाक्याशी ४५ अंश करतील, सारख्याच उठतील. शिरा आणखी उभट, ६० अंशांच्या काढल्यात तर फार छान. पान तिरकं ठेवायचं असेल तर टाका पानाबरोबर फिरवा. पीई-डिझाइनमध्ये ठसा वेगळा फिरवता येतो ही सोय आहे आणि इथेच फसायला होतं. ठसा फिरवला म्हणून टाका फिरत नाही. दोघांचं नातं दरवेळी डोळ्यांनी तपासावं लागतं.

याच कारणाने गोल ठसा हा नवशिक्यांचा हमखास रडवणारा प्रकार. आडव्या टाक्यावर गोल मारलात तर घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी तो ठसठशीत येतो, १२ आणि ६ च्या जागी तुटतो. कंसाच्या दोन खुणा समोरासमोर ठेवल्यासारखं दिसतं. माशाच्या खवल्यांचंही तसंच, कमानीचा तळ गायब होतो. खवले हवेच असतील तर त्यांचा तळ गोल न ठेवता टोकदार करा, पिंपळपानाच्या टोकासारखा. मग कुठलीच रेघ टाक्याला समांतर जात नाही. सर्वांत सुखाचा ठसा म्हणजे शंकरपाळ्यांची जाळी. दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा टाक्याशी ४५ करतात, एकही कोपरा रुसत नाही. पहिला सराव शंकरपाळ्यांवरच करा. मी दोन वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यात पंचिंग, म्हणजे मशीनसाठी डिझाइन बनवण्याचं काम, केलं तेव्हा वरिष्ठ कारागीर नवीन मुलींना पहिल्या दिवशी हेच करायला लावायचे.

हा 'पंचिंग' शब्द आपल्या धंद्यात अजून टिकून आहे, सॉफ्टवेअरवाल्यांनी कितीही 'डिजिटायझिंग' म्हटलं तरी. कारखान्यातल्या जुन्या, मोठ्या शिफली भरतकाम यंत्रांना आणि नंतरच्या बहुशिरी मशीनना डिझाइन कळायचं ते भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. भोकं पाडणारा तो पंचर. ठशाच्या कामात मला तो शब्द फार चपखल वाटतो, कारण इथे आपण खरोखरच भोकांची जागा ठरवत बसतो, दुसरं काही नाही.

आता पार्श्वभूमी. ठसा उठून दिसायचा तर बाकीचं शांत हवं. फिलचा टाका ३ मिमी ठेवलात तर त्याची स्वतःची इतकी भोकं असतात की ठशाचं बोलणं त्या गलक्यात ऐकूच येत नाही. टाक्याची लांबी ५ मिमीवर न्या, कापड आणि वापर बघून ६ पर्यंत. ओळींमधलं अंतर ०.४ वरून ०.४२ किंवा ०.४५ करा. तुम्ही घनता वाढवायचं म्हणत होतात ना, ते नको म्हटलं ते याचसाठी. दाट फिलमध्ये शेजारचे धागे खाचेवर झुकतात आणि ती बुजवून टाकतात. सैल ओळींना बसायला जागा मिळते. खालचं अंडरले, म्हणजे मुख्य टाक्याच्या आधी घातलेले आधाराचे टाके, मात्र कमी करू नका. कडेने एक धाव टाका आणि त्यावर मुख्य टाक्याला आडवा विरळ फिल, एवढं हवंच. अंडरले नसेल तर वरचा दोरा थेट कापडात रुततो आणि खाच आणि उंचवटा यांत फरकच राहत नाही. गादीशिवाय गोधडी फुगत नाही.

याहून शांत पार्श्वभूमी सॅटिनची, कारण तो टाका एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जातो, तिला मध्ये टोचेच नसतात. सॅटिनवरचा ठसा म्हणजे कोऱ्या फळ्यावरचा खडू. एरवी सॅटिनची रुंदी ७ मिमीच्या वर गेली की टाका सैल पडतो, बांगडीत, अंगठीत अडकतो, म्हणून आपण तिथे फिलवर जातो. ठसा असेल तर तो मधेच लांब टाक्याला खाली दाबून धरतो. दोन रेघांमधलं अंतर ६ मिमीच्या आत ठेवलं तर मी १५ ते २० मिमी रुंदीचं सॅटिनही बिनधास्त चालवते. मोराचं पोट असं केलं की त्याची चमक फिलने कधीच येत नाही.

एक काम जवळून दाखवते. मी नाशिकला बसते, येवल्याहून पैठणी घेतलेल्या बायका ब्लाउज शिवून घ्यायला येतात आणि साडीच्या काठाशी जुळणारं काही बाहीवर हवं म्हणतात. पैठणीची कोयरी विणलेली असते, तिच्यातल्या रेघा सरळ आणि टोकेरी. ती हुबेहूब भरतकामात आणायला गेलं की नकली वाटते. म्हणून मी ६० मिमी उंचीची कोयरी सॅटिनमध्ये घेते, टाका एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, कोयरीच्या वळणाबरोबर वळणारा. आत काठाला समांतर दोन रेघा, काठापासून ४ मिमीवर एक आणि तिच्या आत ४ मिमीवर दुसरी. काठाला समांतर असल्यामुळे त्या वळणाऱ्या टाक्याला सगळीकडे जवळपास काटकोनातच राहतात, शेंड्याच्या बाकापर्यंत. पण खाली, कोयरीच्या गोल बुडाशी, काठ स्वतःच टाक्याला समांतर होतो. तिथे रेघ विरते. पहिल्यांदा मी ती पूर्ण फिरवली होती आणि बुडाशी नुसता खडबडीत डाग आला. आता रेघ तिथे उघडीच सोडते, घोड्याच्या नालासारखी, आणि त्या मोकळ्या जागी वेगळ्या दोऱ्याचं छोटं कमळ बसवते. गिऱ्हाइकाला वाटतं ती मुद्दाम केलेली रचना आहे. असू दे.

स्वतःचे ठसे बनवण्याबद्दल. पीई-डिझाइनबरोबर 'प्रोग्रामेबल स्टिच क्रिएटर' म्हणून वेगळं साधन येतं, त्यात चौकटीवर रेघा ओढून ठसा साठवता येतो. नुसती रेघ ओढलीत तर तिथे टोच्यांची एक ओळ पडते. बंद आकार काढून त्याला एनग्रेव्ह म्हटलंत तर तो भाग बारीक बारीक टाक्यांनी दबलेला येतो. एम्बॉस म्हटलंत तर त्या भागात टोचेच पडत नाहीत आणि तो फुगून चमकतो. एम्बॉस वापरताना आकार लहान ठेवा, ७ मिमीपेक्षा रुंद नको, नाहीतर वर सांगितलेली सैल टाक्यांची अडचण इथेही येते. विलकॉम या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांसाठी असाच ठसा कार्व्हिंग स्टॅम्प नावाने आहे. शिवाय ऑब्जेक्टवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या मूळ आकारावर, हाताने रेघा ओढून टाका तिथे तोडायची सोय आहे. एकेकट्या पानाला मी तीच वापरते. तयार ठसा सगळीकडे सारखाच पडतो, आणि झाडाची दोन पानं कधी सारखी नसतात. नावं वेगळी, भोकं तीच.

ठसा काढताना एकच रेघ काढा. सगळ्यात जास्त बिघाड मी इथे बघितलाय. इंटरनेटवरून चित्र घेतात, सॉफ्टवेअरला ट्रेस करायला देतात, आणि ते प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडा पकडतं. तुम्हाला एक शीर हवी असते, मिळतात दोन, अर्ध्या मिमीवर शेजारी शेजारी. दर ओळीला अर्ध्या मिमीचा टाका पडतो. दोरा तिथे गोळा होतो, तुटतो, खाली बॉबिनच्या खोक्यात जाळं होतं, आणि आपण मशीनला दोष देतो. दोन रेघांमध्ये कमीत कमी दीड मिमी ठेवा, २ मिमी असेल तर निवांत. रेघा एकमेकींना छेदतात तिथे टाके आखूड होणारच, तेवढ्यासाठी ०.५ मिमीपेक्षा लहान टाके गाळायची सेटिंग चालू ठेवा.

ठिपक्यांचं विचाराल म्हणून आधीच सांगते. रांगोळीच्या ठिपक्यांचा ठसा करावा अशी प्रत्येकीला एकदा तरी हौस येते, मलाही आली होती. एक टोचा म्हणजे ठिपका नव्हे, तो दिसतच नाही. ठिपका दिसायला पाच-सहा ओळी हव्यात, म्हणजे किमान २ मिमीचा एनग्रेव्ह केलेला गोल. तो दिसतो, पण रांगोळीचा ठिपका वाटत नाही, देवीचा व्रण वाटतो. ठिपके सोडा, ठिपके जोडणाऱ्या तिरक्या रेघा घ्या. वारलीची माणसं मात्र बऱ्यापैकी येतात. धडाचे दोन त्रिकोण एनग्रेव्ह, हातपाय नुसत्या रेघा, फक्त नाचणाऱ्याचा एखादा हात टाक्याला समांतर गेला की तो लुळा पडतो. त्याचा हात थोडा वर उचलून द्या.

दोऱ्याचं. चमक असलेला ४० नंबरचा रेयॉन किंवा पॉलिएस्टर घ्या. सगळा खेळ उजेडाचा आहे, त्यामुळे सुती, मंद दोऱ्यावर ठसा निम्मा राहतो. रंगात सोनेरी, मरून, बाटली हिरवा, मोरपिशी, हे सगळ्यात बोलके. काळ्यात सावली काळ्यावरच पडते, दिसणार काय? छटा बदलणारा बहुरंगी दोरा ठशाखाली चुकूनही वापरू नका, रंगाचे पट्टे खाच खाऊन टाकतात. जरीचा दोरा वापरायचा तर रेघांमधलं अंतर ३ मिमीपर्यंत वाढवा, ओळींमधलं ०.५, सुई ९० नंबरची आणि वेग निम्म्यावर. आखूड टाक्यांत जरीचा वर्ख सोलला जातो, आतला धागा उघडा पडतो आणि मग तुटत राहतो.

जरीवरून आठवलं, माझ्या हातून झालेला सगळ्यात महागडा घोळ. लग्नाच्या घरचे ब्लाउज होते, मरून रॉ सिल्क, पाठीवर जरीत शंकरपाळ्यांची जाळी. तिरकी जाळी साधी वाटली म्हणून मी तिच्यात मधून एक सरळ उभी रेघही टाकली, आडव्या टाक्याला अगदी काटकोनात, एकदम ठळक. मशीनवरून उतरलं तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. मागे आधाराला लावलेला कागदी बकरम फाडून काढायचा होता, तो स्वच्छ काढला. फिटिंगच्या दिवशी नवरीने हात पुढे घेतले आणि पाठ त्या उभ्या रेघेवर टर्रकन उसवली. उसवली म्हणजे शिवण नव्हे, कापडच. पोस्टाचं तिकीट भोकांवरून फाटतं तसं.

हिशेब नंतर केला, आधी करायला हवा होता. सुईचा नंबर म्हणजे तिच्या जाडीचे शतांश मिमी. ९० ची सुई ०.९ मिमी जाड, आणि टोचे पडत होते अर्ध्या मिमीवर, एकाच उभ्या ओळीत, ताण्याच्या, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांच्या, अगदी समांतर. म्हणजे त्या ओळीतला जवळपास प्रत्येक बाणा, आडवा धागा, मी टोचला होता. कापड धरून ठेवायला मागे काही उरलंच नव्हतं, कारण बकरम मीच फाडून टाकला होता. नवरीच्या ब्लाउजची पाठ होती, दुसऱ्या कापडावर रात्रभर पुन्हा केली आणि पैसे मागितले नाहीत.

तेव्हापासून रेशीम, क्रेप, ऑरगंझा यांवर मी सरळ उभी ठशाची रेघ ताण्याबाण्याच्या दिशेने टाकत नाही, पाच-सात अंश तरी तिरकी करते. सुई शक्यतो ७५ ची. ७५ चीही भोकं ०.४ वर एकमेकांत घुसतातच, पण तिचं टोक बारीक असल्यामुळे धागे तुटण्यापेक्षा बाजूला सरतात. मागे कापून काढायचा बकरम लावते, फाडायचा नाही, आणि तो डिझाइनच्या कडेपर्यंत कापून आतला तसाच राहू देते. तुमच्या कॉटनच्या कुर्त्याला एवढी भीती नाही, पण कॉटन पातळ असेल, मलमल वगैरे, तर हेच लागू. टॉवेल किंवा वेल्वेटवर ठसा मारायचा तर वर पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवा, नाहीतर लव खाचांतून डोकं वर काढते.

ठशावर कधीकधी पांढरे ठिपके दिसतात, शिरेच्या रेघेवर मीठ सांडल्यासारखे. तो बॉबिनचा दोरा वर आलेला असतो. साध्या फिलमध्ये हे लपतं, ठशात टोचे एका रेषेत असल्यामुळे उघडं पडतं. वरच्या दोऱ्याचा ताण किंचित कमी करा. उलट बाजूला सॅटिनच्या पट्टीत मधला एक तृतीयांश भाग बॉबिनचा आणि दोन्हीकडे वरचा दोरा असं दिसलं की ताण बरोबर आहे. घाई असेल तर सरळ वरच्याच रंगाचं बॉबिन भरा, मी बऱ्याचदा तेच करते.

स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, निदान त्या थ्रीडी चित्रावर तरी. ते दोरा कसा चमकेल याचा सॉफ्टवेअरने केलेला अंदाज असतो, आणि त्यात उजेड नेहमी सोयीच्या बाजूने पडतो. थ्रीडी बंद करून फक्त सुईचे टोचे दाखवणारं दृश्य लावा आणि डोळे थोडे मिटून बघा. ज्या रेघा ठिपक्यांमधून वाचता येतात त्याच कापडावर येणार. तुमच्या पानाची उजवी बाजू या दृश्यात तुम्हाला शिवायच्या आधीच रिकामी दिसली असती.

फाइलचं एक. ठसा ऑब्जेक्टमध्ये राहतो, टाक्यांमध्ये नाही. पीई-डिझाइनची किंवा विलकॉमची मूळ कामाची फाइल जपून ठेवा. डीएसटी ही ताजिमाची फाइल, तिच्यात फक्त सुई कुठून कुठे सरकली तेवढंच असतं, दशांश मिमीच्या पायऱ्यांत, पान आहे की मोर हे तिला ठाऊक नसतं. कुणी डीएसटी उघडून वीस टक्के मोठी केली आणि सॉफ्टवेअरने टाके नव्याने मोजले की रांगेत बसलेले टोचे विस्कटतात आणि ठसा पुसला जातो. मग फोन येतो, 'मॅडम, तुमचं डिझाइन खराब आहे.' आकार बदलायचा असेल तर मूळ फाइलमध्येच बदला, आणि मोठा केल्यावर रेघांमधलं अंतरही वाढलं असेल, ते पुन्हा बघा.

आणि पैसे घेऊन काम करत असाल तर टाके मोजून भाव सांगा, अंदाजाने नको. ५० मिमीचा चौकोन, ओळी ०.४ वर, म्हणजे १२५ ओळी. ४ मिमीच्या टाक्याने ओळीला साधारण साडेबारा टाके, एकूण सुमारे १५६०. त्यावर ६ मिमीच्या शंकरपाळ्यांची जाळी टाकलीत की दोन्ही बाजूंच्या रेघा मिळून सरासरी दर ३ मिमीला टोचा येतो, टाके २१०० च्या आसपास जातात. दोरा फारसा जास्त लागत नाही, वेळ लागतो. हजार टाक्यांचा दर ठरवताना हे आठवा, मला उशिरा आठवलं होतं.

तुमच्या पानासाठी आकडे पुन्हा एकदा, हातासरशी: टाका शून्य अंशावर, लांबी ५ मिमी, ओळी ०.४२ वर, कडेचं आणि आडवं अंडरले, शिरा एकेरी, एकमेकींपासून ३ मिमीवर, सुई ७५. आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर, त्याच बकरमसकट शिवून बघा. आणि फोटो पाठवाल तो ट्यूबलाइटखाली वरून काढलेला नको. पान उभं धरून खिडकीशी न्या, उजेड डावीकडून किंवा उजवीकडून आडवा येऊ दे, म्हणजे उजव्या शिरा आल्या की नाही ते मलाही दिसेल.